कारणाचा रकाना

दहावीच्या मुलाची भूमितीची वही उघडली की एक शिस्त लगेच दिसते. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण असते: (व्युत्क्रम कोन), (सामाईक बाजू), (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू). कारण नसेल तर ती ओळ धरली जात नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. आता त्याच मुलाची बीजगणिताची वही घ्या, विज्ञानातल्या उदाहरणांची घ्या. ओळीखाली ओळ आहे, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचे चिन्ह आहे, शेवटी उत्तराभोवती चौकट आहे. कारण मात्र एकाही ओळीपुढे नाही. भूमितीत जे अनिवार्य, ते दोन विषय सोडून तिसऱ्या वहीत अनावश्यक कसे झाले?

गणित आणि विज्ञानाच्या गृहपाठात बदल हवा तो इथे. उदाहरणांची संख्या कमी करावी, अगदी निम्म्याहून कमी. उरलेल्या प्रत्येक उदाहरणात पायरीपुढे कारण लिहायला लावावे. पानाच्या उजव्या बाजूला चार बोटे रुंदीचा रकाना आखला की पुरे. आणि वही तपासताना आधी तो रकाना वाचावा, चौकटीतले उत्तर नंतर.

हा केवळ टापटिपीचा आग्रह नाही. −३क्ष = १२ हे समीकरण घ्या. पुष्कळ मुले पुढच्या ओळीत क्ष = १२ ÷ ३ = ४ असे लिहितात. विचारले तर सांगतात, "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं." बेरजेत असलेली संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली की ती वजा होते, हे खरे. पण इथे −३ ही संख्या क्ष शी गुणाकाराने जोडलेली आहे. ती पलीकडे भाजक होऊन जाते आणि तिचे स्वतःचे चिन्ह तसेच राहते. मुलाने दोन वेगळे नियम 'पलीकडे गेले की उलटे होते' अशा एका वाक्यात गोळा केलेले असतात, आणि ते वाक्य दहापैकी सात वेळा चालून जाते, म्हणून चूक लक्षातही येत नाही. या ओळीपुढे "दोन्ही बाजूंना −३ ने भागून" असे लिहावे लागले असते तर १२ ला −३ ने भागण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि उत्तर −४ आले असते. कारण लिहिताना हात क्षणभर थांबतो. शिकण्याचे काम त्या थांबण्यात होते.

'पलीकडे नेणे' ही रीत वाईट नाही. पण ती 'दोन्ही बाजूंना तीच क्रिया' या मूळ नियमाचे संक्षिप्त रूप आहे. मूळ रूप दोन-तीन महिने हाताखालून गेल्यावर संक्षेप करू द्यावा. आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात संक्षेप शिकवला जातो, आणि मग मूळ नियम कधी भेटतच नाही.

चुकीला आपण सहसा 'धांदरटपणा' म्हणून मोकळे होतो. खालच्या इयत्तेतली वजाबाकी पाहा: ५०३ − २७८ = ३७५. हे उत्तर अंदाधुंद आलेले नाही. मुलाने प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: ८ मधून ३, ७ मधून ०, ५ मधून २. मधल्या शून्याकडून हातचा कसा घ्यायचा हे न उमगल्यामुळे त्याने स्वतःचा एक नियम बनवला आणि तो इमानाने पाळला. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास करून हेच मांडले की बऱ्याच चुका नियमबद्ध असतात. मूल एक सदोष कृती सातत्याने करत असते. तांबड्या शाईची फुली अशा मुलाला काहीच सांगत नाही. पुढच्या वीस वजाबाक्या तो त्याच नियमाने करील आणि वीस फुल्या घेऊन येईल. त्याला वजाबाकीशेजारी "शतकाचे १० दशक केले, त्यातल्या १ दशकाचे १० एकक केले" असे लिहायला बसवले तर मात्र तिसऱ्या-चौथ्या उदाहरणात तो अडकतो, आणि नेमके कुठे अडकला ते शिक्षकाला दिसते. खरे उत्तर २२५. ताळा सोपा आहे: २२५ आणि २७८ मिळवले की ५०३ झाले पाहिजेत.

भागाकारातही असेच. १८३६ ÷ ६ चे उत्तर ३६ लिहिणारी मुले सातवी-आठवीतही सापडतात. १८ ला ६ ने भागून ३ आले. ३ ला ६ चा भाग जात नाही, म्हणून पुढचा ६ खाली उतरवला. ३६ ला भागून ६ आले. मधे दशकाच्या जागी शून्य लिहायचे राहिले. कारणाच्या रकान्यात "१८ शतक ÷ ६ = ३ शतक; ३ दशक ÷ ६ = ० दशक, उरले ३ दशक; ३६ एकक ÷ ६ = ६ एकक" असे तीन तुकडे लिहिले तर शून्य विसरायला जागाच उरत नाही. ते लिहायचे नसेल तर निदान आधी अंदाज करावा: १८०० ला ६ ने भागले तर ३००, तेव्हा उत्तर तीनशेच्या आसपास हवे. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जेमतेम ४३ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. भागाकार न आलेल्या बहुतेक मुलांनीही आठ-नऊ वर्षे शाळेचा गृहपाठ केलेला असणार. म्हणजे सराव झाला नाही असे नाही, चुकीचाही सराव पक्का झाला.

अपूर्णांकांबद्दल एवढेच. २/३ + ३/४ = ५/७ लिहिणाऱ्या मुलाला छेद समान करण्याचा नियम पुन्हा ऐकवण्याआधी विचारावे, ५/७ मोठे की ३/४? छेद २८ केला तर २०/२८ आणि २१/२८. म्हणजे ३/४ मध्ये भर घातली आणि उत्तर ३/४ हूनही लहान आले! हे एकदा मुलाने स्वतः पाहिले की छेद समान करण्याची गरज त्याची स्वतःची होते. मग ८/१२ + ९/१२ = १७/१२ हे त्याला पाठ करावे लागत नाही.

शाब्दिक उदाहरणांत अडचण निराळी असते, आणि ती बरीचशी मराठी भाषेतून येते. "राजूकडे मीनापेक्षा ८ गोट्या कमी आहेत. राजूकडे १५ गोट्या आहेत, तर मीनाकडे किती?" 'कमी' हा शब्द दिसला की वजाबाकी, अशी शिकवण शिकवणीवर्गांत सर्रास दिली जाते. मूल १५ − ८ = ७ लिहिते. खरे उत्तर २३. शब्दाला क्रिया बांधून देणे ही शाब्दिक उदाहरणांची सर्वांत घातक शिकवण आहे. ती मुलाला वाक्य वाचण्यापासून परावृत्त करते. इथे पहिल्या पायरीपुढे फक्त एवढेच लिहायचे असते: "कोणाकडे जास्त? मीनाकडे."

वयाची उदाहरणे घ्या. वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे; १० वर्षांनी ते दुप्पट होईल. पुष्कळ वह्यांत थेट समीकरण येते: ३क्ष + १० = २क्ष + १०. सोडवले तर क्ष = ०. मुलाचे वय शून्य, आणि वडिलांचेही शून्य. तरीही उत्तराभोवती चौकट काढलेली असते. कंस कुठे गळला? "१० वर्षांनी मुलाचे वय क्ष + १०" ही ओळ लिहिलीच नव्हती, म्हणून दुप्पट कशाची करायची ते डोळ्यांसमोर नव्हते. ती लिहिली की ३क्ष + १० = २(क्ष + १०) येते, मुलगा १० वर्षांचा आणि वडील ३० वर्षांचे निघतात; दहा वर्षांनी २० आणि ४०. शाब्दिक उदाहरणात पहिली ओळ नेहमी "क्ष = मुलाचे आजचे वय, वर्षांत" अशी पुरती हवी. नुसते "क्ष मानू" पुरत नाही. काय मानले, केव्हाचे मानले आणि कोणत्या एककात मानले, हे तिन्ही लिहायला हवे.

मराठीत काही ठिकाणी कारण शब्दातच दडलेले आहे, ते फोडून दाखवले पाहिजे. 'द.सा.द.शे.' हे चार अक्षरांचे संक्षिप्त रूप पाहा. दर साल, दर शेकडा. 'दर साल' सांगते की मुदत वर्षांत घ्यायची; 'दर शेकडा' सांगते की १०० ने भागायचे. सरळव्याजाचे सगळे सूत्र त्यात आहे. १२,००० रुपये मुद्दल, द.सा.द.शे. ९ दर, मुदत ८ महिने. सूत्रात ८ घातले की व्याज ८,६४० रुपये येते. आठ महिन्यांत बारा हजारांवर साडेआठ हजार व्याज. बचत गटाचे व्यवहार घरात पाहणाऱ्या मुलालाही हे खटकायला हवे. ८ महिने म्हणजे ८/१२ वर्ष, तेव्हा व्याज ७२०. शेकडेवारीतही असाच एक शब्द सुटतो. ५०० रुपयांची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्के सूट दिली, तर पुन्हा ५०० होत नाहीत. ६०० होऊन ४८० होतात, कारण दुसरे २० टक्के ६०० चे आहेत. शेकडेवारीच्या प्रत्येक ओळीपुढे "कशाचे?" याचे उत्तर लिहिणे सक्तीचे करावे.

विज्ञानात या सवयीची गरज सर्वांत जास्त आहे. गणिताच्या तासाला निदान पायऱ्या तरी असतात; विज्ञानाच्या वहीत मात्र सूत्र, त्यात किमती, उत्तर, एवढ्या तीन ओळींत काम उरकले जाते. दहावीच्या गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, भिंगे या प्रकरणांत गुण जातात ते सूत्र न आल्यामुळे क्वचितच. ते एककांत आणि चिन्हांत जातात.

एक मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे, ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबते. तेवढ्यात ती किती अंतर जाईल? वही अशी दिसायला हवी:

सुरुवातीचा वेग = ५४ × १००० ÷ ३६०० = १५ मीटर प्रति सेकंद (वेळ सेकंदांत दिली आहे म्हणून वेगही सेकंदाच्या हिशेबात)
अखेरचा वेग = ० (मोटार थांबली)
त्वरण = (० − १५) ÷ ५ = −३ मीटर प्रति सेकंद वर्ग (वेग घटतो आहे म्हणून ऋण)
अंतर = १५ × ५ + १/२ × (−३) × २५ = ७५ − ३७.५ = ३७.५ मीटर
ताळा: सरासरी वेग ७.५ मीटर प्रति सेकंद, ५ सेकंदांत ३७.५ मीटर.

पहिल्या ओळीपुढचे कारण गाळले तर मूल ५४ तसेच ठेवते आणि १३५ मीटर काढते. तिसऱ्या ओळीतले ऋण चिन्ह गळाले तर ११२.५ मीटर येतात. दुसरी चूक पकडायला सूत्रही लागत नाही. ब्रेक न लावता मोटार ५ सेकंदांत ७५ मीटर गेली असती. ब्रेक लावून ती त्याहून पुढे कशी जाईल? हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उठत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते मोटारीचे गणित नसतेच, ते सूत्राचे असते. रकाना त्याला मोटारीकडे परत नेतो.

रोजच्या मराठीचे आणि विज्ञानाच्या मराठीचे अर्थ वेगळे असतात, तिथेही रकाना उपयोगी पडतो. आपण बोलताना 'वजन ५० किलो' म्हणतो. पुस्तकात ते वस्तुमान आहे, आणि वजन आहे ५० × ९.८ = ४९० न्यूटन. 'वेग' आपण चालीलाही म्हणतो. 'उष्णता वाढली' म्हणतो तेव्हा आपल्याला तापमान म्हणायचे असते. हे भेद व्याख्या पाठ करून टिकत नाहीत. किमतीपुढे तिचे एकक आणि नाव दर वेळी लिहिले तर टिकतात.

विजेचे उदाहरण पाहा. २००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालतो. ३० दिवसांत किती युनिट? एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, हे कारण आधी लिहिले की पुढचे सरळ आहे: २ × ०.५ × ३० = ३० युनिट. मिनिटांचे तास न करणारे मूल २ × ३० × ३० करून १८०० युनिट लिहिते. त्याला घरचे वीजबिल आणायला सांगावे. साऱ्या घराचे महिन्याचे युनिट त्यावर छापलेले असतात, आणि एकट्या गीझरचा आकडा त्याहून मोठा असू शकत नाही.

समांतर जोडणीतली चूक जरा बारीक आहे. ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडले: १/६ + १/३ = १/२. इथे थांबून मूल उत्तर ०.५ ओहम लिहिते, उलटवायचे विसरते. "परिणामी रोध सर्वांत लहान रोधापेक्षा कमी असतो" हा नेहमीचा ताळा ही चूक पकडत नाही, कारण ०.५ देखील ३ हून कमीच आहे. त्याला दुसरी बाजू जोडावी लागते: दोन रोध समांतर असतील तर उत्तर लहान रोधाच्या निम्म्याहून खाली जाऊ शकत नाही. ३ चे निम्मे १.५, म्हणून ०.५ अशक्य, २ ओहम योग्य. का? ६ च्या जागी ३ चाच दुसरा रोध असता तर बरोबर १.५ आले असते. ६ चा रोध त्याहून कमी धारा वाहू देतो, तेव्हा उत्तर १.५ हून मोठेच हवे. असा ताळा पाठ्यपुस्तकात दिला पाहिजे.

भिंगांच्या प्रकरणात तर आकृतीच कारण असते. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर १० सेमी, वस्तू १५ सेमीवर. चिन्हसंकेताप्रमाणे वस्तूचे अंतर −१५. मग १/१० − १/१५ = १/३०, प्रतिमा ३० सेमीवर. ऋण चिन्ह राहिले तर १/१० + १/१५ = १/६, प्रतिमा ६ सेमीवर. ज्याने आधी दोन रेघांची किरणाकृती काढली आहे त्याला ६ हे उत्तर पटणार नाही: वस्तू १० आणि २० सेमीच्या मधे आहे, तेव्हा प्रतिमा २० सेमीच्या पलीकडेच पडायला हवी. मुले मात्र आकृती शेवटी काढतात, 'आकृतीचे गुण' म्हणून. क्रम उलटा केला पाहिजे.

रासायनिक समीकरणांविषयी एकच गोष्ट. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी बनण्याचे समीकरण संतुलित करताना मूल पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहून टाकते. अणू जुळतात, पण तयार झालेला पदार्थ पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सूत्राच्या आतला आकडा पदार्थाची ओळख आहे, पुढचा आकडा रेणूंची संख्या आहे. बदलायचा तो पुढचा: हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, पाण्याचे २.

आता आक्षेपांकडे. पहिला असा की पायऱ्यांसकट उत्तरे गाइडमध्ये आहेतच, आणि हल्ली मोबाइलने उदाहरणाचा फोटो काढला तरी सगळ्या पायऱ्या समोर येतात. मग मुलाने पुन्हा लिहायचे कशाला? या आक्षेपाला सरसकट झटकून टाकणे बरोबर नाही. नवा भाग शिकताना सोडवलेले उदाहरण समोर ठेवून वाचणे खरोखर उपयोगाचे असते. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्यांनी तशाच नव्या उदाहरणांत कमी वेळ घेतला आणि कमी चुका केल्या. तेव्हा अडचण गाइड उघडण्यात नाही. ते उघडे ठेवून उतरवण्यात आहे. उतरवताना डोळे आणि हात काम करतात, एका ओळीवरून दुसरी ओळ का आली हा प्रश्न पडत नाही.

गाइड वापरायचेच तर असे वापरावे. सोडवलेले उदाहरण एकदा पूर्ण वाचा आणि प्रत्येक ओळीचे कारण तोंडाने म्हणा. मग पान झाकून तेच उदाहरण सोडवा. अडलात तर फक्त पुढची एक ओळ उघडा, पुन्हा झाका. शेवटी त्याच धर्तीचे, आकडे बदललेले उदाहरण संपूर्ण झाकून करा. मोबाइलवरच्या उत्तरालाही हीच रीत. दहावीच्या गणिताच्या ४० गुणांच्या दोन्ही भागांत 'कृती पूर्ण करा' असे, चौकटी रिकाम्या ठेवलेले प्रश्न येतात. तेही याच वाटेवरचे पहिले पाऊल आहे. पण चौकट भरणे आणि पुढची ओळ स्वतः ठरवणे यांत फार अंतर आहे. पायऱ्या छापून दिलेल्या असतील तर मुलाने चौकटीबरोबर प्रत्येक पायरीचे कारणही भरावे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो रास्त आहे. ६० मुलांचा वर्ग, प्रत्येकाची १० उदाहरणे, म्हणजे ६०० उदाहरणे. एकेकाला २० सेकंद दिले तरी ३ तास २० मिनिटे. म्हणून वह्यांवर नुसत्या सह्या होतात, हे सर्वांना माहीत आहे. पण संख्या घटवली तर हिशेब बदलतो. रोज ३ उदाहरणे द्यावीत, त्यांतले एकच शिक्षकाने रकान्यासह वाचावे. एका वहीला एक मिनिट धरले आणि वर्गाचे तीन गट केले तर दिवसाला २० वह्या, २० मिनिटे. बाकी दोन उदाहरणांची उत्तरे फळ्यावर लिहून मुलांनीच ताळा करावा. त्या २० वह्यांत एकच चूक पाच-सहा ठिकाणी दिसेल. दुसऱ्या दिवशी नाव न घेता ती चूक फळ्यावर मांडावी आणि वर्गालाच कोणती पायरी चुकली ते शोधू द्यावे.

वेळेचा हिशेब मुलांच्या बाजूनेही हाच निष्कर्ष देतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीला दिवसाला १ तास आणि नववीपासून दिवसाला २ तास अशी मर्यादा सांगितली आहे. सहावीच्या मुलाच्या एका तासात सगळे विषय बसवायचे तर गणिताच्या वाट्याला २० मिनिटे येतात. २० मिनिटांत कारणांसकट तीन उदाहरणे होतात. अख्खा सरावसंच फक्त उतरवून होतो.

तिसरा आक्षेप पालकांचा: एवढे लिहीत बसले तर परीक्षेत पेपर पुरा होणार नाही. परीक्षेत हा रकाना लिहायचाच नाही. तो घरच्या वहीसाठी आहे, आणि एखादा प्रकार तीन-चार वेळा बिनचूक झाला की त्या प्रकारापुरता तिथेही सोडून द्यायचा. उलट, पेपर अपुरा राहतो तो बहुधा मधेच अडून, खोडून, पहिल्यापासून पुन्हा सुरू केल्यामुळे.

खोडण्यावरून आठवले. आपल्या शाळांत कच्ची वही आणि पक्की वही असा भेद फार जपला जातो. चूक कच्च्या वहीत होते, पक्क्यात तिचा मागमूस नसतो, आणि शिक्षकासमोर पक्की वही जाते. 'खाडाखोड करू नये' हा शेरा वाचून वाचून मुले खोडरबराने पायरीच पुसतात. म्हणजे ज्या ओळीवरून शिक्षकाला सर्वांत जास्त कळले असते तीच ओळ नाहीशी होते. गृहपाठापुरते खोडरबर बाजूला ठेवावे. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारावी, ओळ वाचता आली पाहिजे, आणि रकान्यात दोन शब्दांत लिहावे: "कंस राहिला", "तास केले नाहीत". टापटिपीचे गुण द्यायचेच तर अशा वहीला द्यावेत.

सेमी-इंग्रजी वर्गांत आणखी एक भिंत असते. उदाहरण इंग्रजीत, पायऱ्या इंग्रजीत, घरची आणि मनातली भाषा मराठी. तिथे कारणाचा रकाना मुलाला ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत लिहू द्यावा. "दोन्हीकडून ५ काढले" हे मराठीत लिहिल्याने इंग्रजी माध्यमाचे काही बिघडत नाही, आणि समज कुठवर पोचली आहे ते शिक्षकाला कळते. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलीतल्या वाक्यालाही तिथे जागा असावी. भाषेने गणित अडते हे आपण एरवीही पाहतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा केवढा वाद झाला. ती रीत कोणाला पटो वा न पटो, तिच्यामागे एक नेमके निरीक्षण होते: मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन. मूल ५२ लिहिते तेव्हा त्याचे कान बरोबर असतात.

ज्या पालकांना स्वतःला हे गणित येत नाही त्यांनाही या रकान्यामुळे काम मिळते. उत्तर बरोबर की चूक हे त्यांनी ठरवायचे नाही. कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली?" उत्तर अडखळत आले तरी चालेल, आलेच नाही तर ती ओळ उतरवलेली आहे, आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करायची.

राहिले पाठ्यपुस्तक. प्रत्येक सरावसंचाच्या शेवटी उत्तरसूचीतली उत्तरे देता येतात, तसे एक चुकीचे सोडवलेले उदाहरणही छापता येईल. बालभारतीच्या दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत २०२३-२४ मध्ये नोंदींसाठी कोरी पाने जोडून पाहिली गेली आणि नंतर शासनाने तो निर्णय मागे घेतला. नुसते कोरे पान मुलाला विचार करायला लावत नाही. एका सरावसंचामागे अर्धे पान पुरेल, आणि त्यावर काय असावे याचा दहावीसाठी हा एक नमुना:

सोडवा: (क्ष + ३)² = २५
क्ष² + ९ = २५
क्ष² = १६
क्ष = ४

वरील सोडवणुकीत दोन पायऱ्या चुकल्या आहेत. क्ष = ४ ठेवून आधी ताळा करा. मग चुकलेल्या दोन्ही पायऱ्या शोधा, प्रत्येकीपुढे तिथे कोणता नियम लागू होतो ते लिहा, आणि क्ष च्या ज्या दोन किमती मिळतील त्या दोन्हींचा ताळा करून दाखवा.